आप्पांनी सोडलेल्या जागा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. रंगनाथआप्पांच्या आवाजातल्या मोकळ्या जागा मी कापल्या. शब्द एकही कापला नाही. दोन वाक्यांच्या मध्ये ते जेवढं गप्प राहिले होते, तेवढंच कापलं. त्यानंतर आमच्या कंपनीत बालाजी नावाच्या कामगाराची दोन बोटं गेली. ती आपल्या घाईमुळं गेली असं समजून आप्पांनी माईक सोडला, तो कायमचा. आणि तसं समजायला त्यांना मीच लावलं.

एवढं आधी सांगून टाकतो. नाहीतर आप्पांबद्दल चार चांगल्या गोष्टी लिहीन, डोळे पुसून उठेन आणि नेमकं हेच राहून जाईल. तसं याआधी दोनदा झालं आहे.

आमच्या शिरूर-दौंड पट्ट्यात आप्पांचा आवाज ओळखत नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. चेहरा मात्र फार थोड्यांना माहीत. मूळचे वरवंडचे. घरची शेती शेवंतीची आणि झेंडूची. धाकटा भाऊ फुलं पिकवायचा आणि आप्पा बोलायचे, अशी त्या घरात कामाची वाटणी होती. लग्नाच्या मांडवातलं निवेदन त्यांचं. दुकानाच्या उद्घाटनाची, बियाण्याच्या जाहिरातीची, पाणीपट्टी भरा म्हणून सांगत फिरणारी अशा सगळ्या रिक्षांमधून आवाज त्यांचा. बियाण्याच्या एका जाहिरातीत नवरा, बायको, सासरा आणि दुकानदार बोलायचे. चौघंही आप्पाच. त्यातली बायको नवऱ्याला म्हणायची, "मागल्या साली बी असंच म्हणला हुता तुम्ही," आणि ते अशा काही सुरात म्हणायची की बाजारात भाजी निवडणाऱ्या बायका हातातली मेथी तशीच धरून हसायच्या. ही बाई कुठल्या गावची, असं मला एकानं खरंच विचारलं होतं.

दिसायला अगदी किरकोळ माणूस. बुटके, अंगानं वाळके, मिशी नाही. आमच्याकडं चार लोकांत उठबस असलेला माणूस कडक खळीचे पांढरे कपडे घालतो. आप्पांचे कपडे पांढरेच असत, पण धुऊन धुऊन मऊ झालेले, खळ नावालाही नाही. खळीचा कपडा हलताना कुरकुरतो आणि माईक ते पकडतो, म्हणून. पण हे कुणाला ठाऊक? लोकांना वाटायचं, माणसाची परिस्थिती बेताची असावी. एका लग्नात एका सरपंचानं त्यांना सगळ्यांसमोर टोकलं, "आप्पा, मांडवात तरी जरा बरं घालून येत जा की."

आप्पा म्हणाले, "सरपंच, तुमचा शर्ट बोलतुया. मी बोलताना माझ्या अंगावरचं दुसरं कुनी बोललेलं मला चालत न्हाई."

घरात ते जवळजवळ बोलतच नसत. खिशात ज्येष्ठमधाची काडी, हाताशी कोमट पाण्याचा थर्मास, आणि काय हवं नको ते बोटानं. त्यांच्या बायकोची, हिराकाकूंची, यावर कायमची तक्रार. मी गेलो की मला ऐकवायच्या, "सगळ्या तालुक्याला ह्यांचं बोलणं ऐकू जातंय, विलासराव. आन् मला, चहा पायजे का नको, त्ये बोटावरनं वळखावं लागतंय."

आप्पा तेव्हाही एक बोट वर करायचे. म्हणजे चहा हवा.

त्यांनी सुरुवात कुठून केली, ते मला त्यांनी कंपनीच्या गाडीत सांगितलं होतं, चौफुल्याहून न्हावऱ्याकडं येताना. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजाराला तेव्हा सिनेमाचा तंबू लागायचा. आप्पा टांग्यात भोंगा घेऊन बसायचे आणि आसपासच्या वाड्यांवर खेळाची बातमी द्यायचे. एका संध्याकाळी खेळ सुरू झाला आणि यंत्राचा आवाजच बंद पडला. पडद्यावर माणसं तोंडं हलवतायत, ऐकू काहीच येत नाही. लोक आरडाओरडा करायला लागले, दोघं-तिघं कनातीला जाऊन भिडले. मालक रडकुंडीला आला. आप्पांनी तो सिनेमा इतक्या वेळा ऐकला होता की त्यांना तो तोंडपाठ होता. त्यांनी भोंगा उचलला, पडद्याच्या कडेला जाऊन बसले आणि बोलायला लागले. नायक, नायिका, नायिकेचा बाप, दरोडेखोर.

"घोडं बी म्याच," ते म्हणाले. "टापा मांडीवर वाजवल्या."

लोक शेवटपर्यंत बसून राहिले. दुसऱ्या बाजाराला यंत्र दुरुस्त होऊन आलं, तर माणसं दारात विचारायला लागली, "आज आवाज यंत्राचा हाय का मानसाचा? मानसाचा आसंल तरच येतो."

पण त्या खेळात आप्पांची एक फजिती झाली होती आणि ती ते आवर्जून सांगायचे. भरात येऊन ते नायकाच्या पुढं पळाले. नायकाचं तोंड बंद, आणि भोंग्यातून, "मी तुला सोडून जाणार नाही." तंबू हसून हसून लोळला. खेळ संपल्यावर यंत्र चालवणारा म्हातारा त्यांना म्हणाला, "पोरा, बोलतोस झ्याक. पर त्याचं तोंड उघडंस्तवर गप बसायला शीक. मग तू कुठंबी पोट भरशील."

आप्पा म्हणायचे, माझं सगळं शिक्षण एवढंच.

त्या शिक्षणावर ते मुंबईला गेले आणि तिथं डबिंगच्या स्टुडिओत त्यांची उमेदीची वर्षं गेली. सुरुवातीला नुसती गर्दी. बाजारातली गर्दी, कोर्टातली गर्दी, आग लागल्यावरची गर्दी. मग कुत्री. मग हवालदार, टांगेवाले, वैद्य. नाव कुठंच यायचं नाही आणि त्याबद्दल त्यांच्या तोंडून कधी कुरकुर ऐकली नाही. पुढं जपानी कार्टूनच्या मालिका आल्या आणि त्यातले म्हातारे आप्पांच्या वाट्याला आले. एक विसराळू डॉक्टर, एक खवट आजोबा, एक बोलणारं कासव. हेडफोनमध्ये मूळ जपानी आवाज ऐकायचा आणि त्याच्या मापात आपलं वाक्य बसवायचं, असं ते काम. काही दिवसांत त्यांच्या लक्षात आलं की डॉक्टर, आजोबा आणि कासव हा मूळचा माणूस एकच आहे. तिकडंही एकच म्हातारा सगळे म्हातारे करत होता.

त्याचं नाव त्यांना माहीत नव्हतं. ते त्याला म्हातारबा म्हणायचे. "आमचा म्हातारबा," असं, नात्यातला असल्यासारखं. "त्याचं मला एक अक्षर कळत न्हाई, विलासराव. पर तो कुठं थांबनार, त्ये मला आधी कळतं. काय थांबतो वो! आपल्याकडं लोकं थांबत्यात ती दम लागला म्हनून. हा थांबतो समोरच्यासाठी." वर्षानुवर्षं त्यांनी त्या माणसाच्या मागं मागं बोलत काढली. म्हातारबाला सर्दी झाली की यांना कळायची. त्याचे दात पडले की बसवले, यावरही त्यांचं एक मत होतं.

वरवंडला आल्यावरची एक गंमत हिराकाकू सांगतात. भावाची नातवंडं टीव्हीसमोर बसून तेच कासवाचं कार्टून बघत होती. आप्पा मागं बसून काडी चघळत होते. एकदा खाकरले. त्याबरोबर धाकटी नात मागं वळून ओरडली, "आबा, गप बसा ना! कासवाचं ऐकू येत न्हाई!"

आप्पा गप्प बसले. काकूंनी सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनाही बोटानं गप्प केलं.

आई आजारी पडली म्हणून ते गावी आले आणि ती गेल्यावरही परत गेले नाहीत. लग्नांचं निवेदन सुरू झालं ते तेव्हापासून. आमच्या भागातलं लग्न ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको. अक्षता राहतात बाजूला, आणि पुढाऱ्यांचे सत्कार, शुभेच्छा, मग ज्यांचं नाव राहिलं त्यांचा रुसवा. तळेगावला माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात असंच झालं. दोन गटांचे दोन पुढारी व्यासपीठावर. एकाचं भाषण जरा लांबलं म्हणून दुसऱ्यानं त्याहून लांबवलं. मग पहिल्याला आणखी दोन शब्द बोलायचे होते. भटजी घड्याळ दाखवतायत, माझे चुलते हात जोडून उभे, नवरी उन्हात घामाघूम. आप्पांच्या हातात माईक आला. आता तिसऱ्या पाहुण्याचं नाव पुकारायचं होतं. त्यांनी माईक तोंडापाशी नेला आणि ते काहीच बोलले नाहीत.

मांडवाला वाटलं, वीज गेली. मग वाटलं, आप्पांना काही झालं. जेवणाकडं निघालेले लोकसुद्धा थांबले. एवढ्या मोठ्या मांडवात लहान मूल रडलेलं तेवढं ऐकू येत होतं. मग आप्पा अगदी हळू, घरातल्यासारखं म्हणाले, "नवरी उभी हाय."

दोन्ही पुढारी आपण होऊन खाली उतरले. अक्षता वेळेवर पडल्या. चुलते नंतर आप्पांच्या पाया पडायला गेले, तर आप्पा म्हणाले, "म्या काय केलं? म्या तर बोललोच न्हाई."

मी तेव्हा नगर रस्त्यावरच्या एका जपानी कंपनीत ट्रेनिंगचं काम बघत होतो. नवीन कामगार आले की त्यांना फिल्म दाखवायची, मशीन समजावून द्यायचं. फिल्म जपानीत, खाली इंग्रजी अक्षरं. आमचे कामगार कोरेगाव भीमा, शिक्रापूर, कुणी लातूर-नांदेडकडचे. अक्षरं वाचणार कोण? तेव्हा आमच्याकडं मोरी नावाचे जपानी साहेब होते, सुरक्षेचे. मोरीसाहेब म्हणताना कामगारांना हसू आवरायचं नाही, आणि आपल्याला बघून सगळे खूश होतात असं त्या भल्या माणसाला वाटायचं. ते म्हणाले, फिल्म मराठीत करा. मी आप्पांचं नाव सुचवलं. माझ्या आयुष्यात मी कंपनीला सुचवलेली ही एकमेव चांगली गोष्ट.

ट्रेनिंगच्या खोलीत भिंतींना गाद्या लावल्या, एसी बंद केला. आप्पांनी घड्याळ काढलं, चपला दाराबाहेर ठेवल्या आणि हेडफोन लावला. फिल्म सुरू झाली. जरा वेळानं त्यांनी हेडफोन काढून हातात धरला आणि माझ्याकडं नुसतं बघत राहिले.

"काय झालं आप्पा? आवाज येत नाही का?"

"विलासराव, हा आमचा म्हातारबा हाय."

मला आधी समजलंच नाही. त्यांनी समजावून सांगितलं आणि मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत मोरीसाहेबांना सांगितलं. ते आनंदानं उठून उभेच राहिले. हो, म्हणाले, हे आमच्याकडचे फार जुने आवाजाचे कलाकार. घराघरातले आजोबा. आता ऐंशीच्या पुढं गेले, तरी रोज स्टुडिओत जातात.

"अजून काम करतो?" आप्पांनी दोनदा विचारलं. "ऐंशीच्या फुडं? मग मला अजून लई काम हाय म्हनायचं." आणि मग मोरीसाहेबांना म्हणाले, "त्यांना सांगा, वरवंडला त्यांचा एक धाकटा भाऊ हाय."

त्या फिल्ममध्ये मध्ये मध्ये लांब मोकळ्या जागा होत्या. मोरीसाहेबांनी त्यांचं कारण सांगितलं. पत्रे जोडायला रिव्हेट मारायचं मशीन पायाच्या पेडलवर चालतं. आवाज म्हणतो, भाग जागेवर ठेवा. मग थांबतो. म्हणतो, हात बाहेर घ्या. पुन्हा थांबतो. त्या थांबण्यात कामगारानं मशीनकडं बोट दाखवायचं, डोळ्यांनी बघायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, "हात बाहेर!" मगच पेडल. ही जपानी पद्धत. बोट दाखवून बोललं की डोळा चुकत नाही. पहिले काही दिवस कामगार ही फिल्म लावूनच मशीनवर सराव करायचे, म्हणजे अंगात ती चाल बसते.

आप्पांना हे एका झटक्यात कळलं. म्हणाले, "म्हंजी निम्मं वाक्य माझं आन् निम्मं कामगाराचं. मग त्याची जागा मी कशी खानार?"

दोन दिवस काम चाललं. दुसऱ्या दिवशी शेवटचा भाग राहिला होता, नेमका रिव्हेट मशीनचा, आणि आप्पांना संध्याकाळी दौंडला लग्न होतं. त्यांनी तो भाग एकदाच बोलून दाखवला. मी विचारलं, "आप्पा, परत एकदा घेऊ का? राखीव म्हणून." ते म्हणाले, "नको, ह्ये बसलंय. मला गाडी गाठू द्या." हे माझ्या पक्कं लक्षात आहे आणि दुर्दैवानं त्यांच्याही लक्षात राहिलं.

दीड-दोन वर्षं फिल्म चांगली चालली. कामगार "हात बाहेर" म्हणायचे ते आप्पांच्या सुरात. मोरीसाहेबांची मुदत संपली, ते मायदेशी गेले. त्यांच्या जागी कुणी आलं नाही. मग प्रॉडक्शनला नवे साहेब आले, आपलेच, पुण्याचे. त्यांना ऑर्डरची घाई होती आणि कंत्राटी माणसं सकाळी आली की दुपारी लाईनवर उभी करायची होती. एकदा माझ्या मागं उभं राहून त्यांनी फिल्म बघितली. म्हणाले, "यात निम्मा वेळ कुणी बोलतच नाहीये. हे काय ट्रेनिंग आहे का ध्यानधारणा? कमी करा."

मी "मोरीसाहेबांनी सांगितलं होतं" एवढं म्हणू शकलो असतो. तेवढं म्हणायला काही धैर्य लागत नव्हतं. पण माझं प्रमोशन त्या वर्षी व्हायचं होतं आणि नव्या माणसासमोर पहिल्याच महिन्यात मला आडवं यायचं नव्हतं. जेवणानंतर कॉम्प्युटरवर बसलो आणि जिथं जिथं शांतता होती ती एकेक निवडून उडवली. वाक्याला वाक्य जोडलं. भाग जागेवर ठेवा, हात बाहेर घ्या, पेडल दाबा. शब्द सगळे जिथल्या तिथं. फिल्म निम्म्यावर आली. खरं सांगतो, मला ते काम सुबक झालं असं वाटलं. चहावाल्याला बोलावून मी त्याला दाखवलंसुद्धा.

बालाजी त्यानंतरच्या तुकडीत आला. तिशीचा, नांदेडकडचा, बायको आणि मुलीला घेऊन कोरेगाव भीमाला खोली करून राहिलेला. नव्या फिल्मवर तो शिकला. "हात बाहेर" तोही म्हणायचा, पण पेडलबरोबरच म्हणायचा. बघायला मध्ये वेळच ठेवला नव्हता. बोट दाखवणं तर त्या तुकडीतल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. एके दिवशी भाग तिरका बसला, तो सारखा करायला त्याचा डावा हात आत होता, आणि तोंडानं तो "हात बाहेर" म्हणाला. डाव्या हाताची दोन बोटं.

चौकशीची मीटिंग झाली. फिल्म लावली. सगळ्यांनी ऐकली. कुणीतरी म्हणालं, "मराठी आवाज फारच घाईत बोलतोय. नवीन माणसाला झेपणार कसं?" सगळ्यांनी माना हलवल्या. पुण्याच्या साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना माहीत होतं. मला माहीत होतं. मी म्हणालो, "हो, वेग जरा जास्त वाटतोय." वेग जास्त असल्याची नोंद झाली, पुण्याच्या एजन्सीकडून दुसरा आवाज घ्यायचं ठरलं, आणि जुन्या निवेदकाला कळवायचं काम माझ्याकडं आलं.

वरवंडला गेलो. आप्पा अंगणात शेवंतीच्या पाट्यांजवळ बसले होते. मी सगळं एका दमात सांगितलं. अपघात झाला, दोन बोटं गेली, चौकशीत आवाज घाईचा ठरला. वाटेत मी ठरवलं होतं की त्यांनी जर "असं कसं होईल, मी तर थांबलो होतो" असं म्हटलं, तर खरं सांगून टाकायचं. शपथ घेतली होती तशी. पण आप्पा तसं काही म्हणालेच नाहीत. बराच वेळ त्यांनी पाटीतलं एक फूल फिरवलं.

मग म्हणाले, "शेवटचा भाग ना? मशीनचा?"

"हो."

"मला दौंडला जायचं हुतं तवा. तुम्ही इच्चारलं हुतं, परत घिऊ का म्हनून. म्याच नको म्हनलो." थोड्या वेळानं, "आयुष्यभर लोकांना सांगत आलो, थांबा म्हनून. आन् नेमका तिथंच पळालो."

मी चहा घेतला आणि निघालो. काकूंनी माझ्या मुलीसाठी फुलं बांधून दिली, तीही घेतली.

पुढच्या हंगामात आप्पांनी लग्नं घेणं बंद केलं. आवाज गेला म्हणून सांगायला लागले. बियाण्याची जाहिरात कुणा दुसऱ्यानं केली आणि ती बायको कुणाच्याच गावची वाटेना. काकूंनी मला फोन केला. "विलासराव, तुमचं ऐकत्यात, तुम्ही तरी इच्चारा. आवाज गेला म्हनत्यात आन् शेताच्या त्या टोकाहनं गाईला हाका मारत्यात की! ती येती बी."

मी विचारलं नाही. माझं प्रमोशन झालं.

मूळ रेकॉर्डिंग माझ्याकडं आहे. कंपनीतून मी ते घरी आणून ठेवलं आणि पुष्कळ दिवस लावायची हिंमत झाली नाही. गेल्या वर्षी नोकरी सोडल्यावर लावलं. रिव्हेट मशीनचा तो शेवटचा भाग. मला कुठंतरी आशा होती, की खरोखरच त्यात थोडी घाई सापडेल आणि माझा वाटा कमी होईल. नाही सापडली. दौंडची गाडी गाठायची होती तरी आप्पा प्रत्येक ठिकाणी थांबले आहेत. "हात बाहेर घ्या" या वाक्यानंतर तर सगळ्यात जास्त. मी बसल्या बसल्या बोट दाखवलं, बघितलं, म्हणालो, "हात बाहेर." तरी जागा उरली होती.

आप्पांना मी शेवटचं पाहिलं ते या दसऱ्याच्या आधी, कोरेगाव भीमाला. पुलाच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला फुलांची एक गाडी लागते. माझी मोटरसायकल पलीकडच्या बाजूला पंक्चर काढायला लावली होती, म्हणून मी तिथं उभा होतो. वरवंडकडची एक जीप येऊन थांबली आणि तिच्यातून आप्पा उतरले, झेंडूचे दोन करंडे घेऊन. फुलांच्या गाडीवरचा माणूस ते उतरवून घ्यायला धावला. डाव्या हातावरून मी त्याला ओळखलं. बालाजी.

मला काहीच माहीत नव्हतं. पंक्चरवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "हा म्हातारा? तीन-चार वर्षं झाली की. कंपनीनं बालाजीला काढलं तवापासनं त्यानंच ह्याला गाडी लावून दिली. आठवड्याला दोनदा सोता माल घिऊन येतो. पाव्हना हाय म्हनत्यात."

रस्ता ट्रकांनी भरला होता. पलीकडचं मधूनमधून दिसत होतं. आप्पा गाडीमागं स्टुलावर बसले आणि हार ओवायला लागले. बालाजी तीन बोटांनी फूल पुढं करायचा, आप्पा त्यात सुई घालायचे. गिऱ्हाईक आलं. बालाजी मोठ्यानं काहीतरी म्हणाला आणि हसला. आप्पा बोलले नाहीत, त्यांनी बोटानं हार दाखवला. एकदा त्यांनी मान वर करून रस्त्याकडं पाहिलं. मला पाहिलं की नाही, सांगता येत नाही. मी पंक्चरवाल्याच्या टायरांमागं सरकलो होतो. बावन्न वर्षांचा माणूस.

पंक्चर निघालं. मी शिरूरच्या बाजूला वळलो.

त्या दोघांना एका ठिकाणी बसवून मूळ रेकॉर्डिंग ऐकवायचं, आणि मग मधल्या जागा मी कापल्या एवढं एक वाक्य बोलायचं, हे मी आप्पांचं आणि बालाजीचं देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.